बिननावाची चिठ्ठी

रविवार, १७ ऑक्टोबर १९४३. संध्याकाळचे साडेसात. शाळेतल्या व्याख्यानाहून आत्ताच आलो, अजून हातपायही धुतले नाहीत.

विद्यापीठाचे प्रोफेसर धान्यटंचाईवर बोलले. शेवटी म्हणाले, आपल्याकडे किती तांदूळ आहे ते चिठ्ठीवर लिहा, नाव नको. मी मुनीम आहे त्या भातगिरणीत सरकारला न कळवलेली पोती लिहिली. चारशे बारा. विचारले ते बरोबर सांगावे, एवढेच डोक्यात होते.

चिठ्ठ्या गोळा केल्या अध्यक्षांनी, म्हणजे गिरणीच्या शेठजींनीच. एक चिठ्ठी त्यांनी खिशात घातली. माझीच असेल का? गिरणीच्या साऱ्या वह्या माझ्या अक्षरात आहेत.

"खरा आकडा कायले लिहिलास गा?" शेजारी बसलेला तुळशीराम हमाल कुजबुजला.

निघताना शेठजी हसले. "कल जल्दी आइए, मुनीमजी. गोदाम की चाबी साथ लाइए."

आजवर त्यांनी मला "अरे" म्हणूनच हाक मारली आहे.