तव्यावरचे चार थेंब

४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी आईचं तेल बंद केलं आणि तिने जेवणच बंद केलं, हे वाचून लगेच लिहायला बसले. तिला सूप नको, उकडलेल्या भाज्या नकोत, हवा फक्त तुमच्या हातचा मासा आणि बटाटा. मग तोच द्या, पण ओव्हनमधला. काटे काढलेले तुकडे अंड्याच्या पांढऱ्या भागात बुडवून पावाच्या चुऱ्यात घोळवा. बटाट्याच्या फोडी अर्धवट उकडून कोरड्या करा, चमचाभर तेल चोळा आणि दोन्ही भाजा. मीठ बेताचं, लिंबू सढळ हाताने.

मला रजा मिळेपर्यंत तिच्या पोटात काहीतरी जायलाच हवं. तेव्हा नाक मुरडू नका.

मायेतली, तुमची बडबडी

११ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

उभं आयुष्य फिश-चिप्सच्या दुकानात कढईपुढे काढलेल्या माणसाला तू एका कपाटात मासा कोंडायला सांगतेस. अगं, तेल बोलतं. मासा टाकला की ओरडतं, आवाज बारीक झाला की तुकडा काढायचा. गिऱ्हाइकांशी गप्पा मारत, कढईकडे पाठ करूनही मी काढत असे. हा तुझा ओव्हन मुखदुर्बळ आहे. तो काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत बसलो आणि पहिला मासा कोळसा झाला.

दुसरा जमला. तुझ्या आईने अर्धा तुकडा खाल्ला आणि बरा झालाय म्हणाली. मी बशी धुवायच्या निमित्ताने आत गेलो आणि नळ सोडून रडून घेतलं.

आहे तशीच माया ठेव.
तुझे बाबा

१९ फेब्रुवारी

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

हे पत्र ह्यांना कळू देऊ नकोस. तुझा मासा म्हणजे निव्वळ पुठ्ठा आहे. तरी खाते, कारण हे समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतात.

चवीचं काही नाही गं. घर फार गप्प झालंय. दुकानावरच्या खोलीत संसार केला. खालून चर्र ऐकू आलं की कळायचं, हे आहेत. आता पलीकडच्या स्वयंपाकघरात जातात आणि जणू नाहीसेच होतात. मी पडल्या पडल्या कान देते. मला भीती वाटते. जायचं तर आहेच, पण असं शांततेत नको वाटतं.

जीव लावतेस तशीच लाव.
तुझी आई

२५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कृतीतली एक पायरी सांगायची राहिली. मासा ओव्हनमध्ये ठेवला की शेगडीवर रिकामा तवा चांगला तापवा आणि अधूनमधून त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. त्या वाफेने चुरा खुसखुशीत होतो. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायचं. का ते विचारत बसू नका.

रजा मंजूर झाली आहे. लवकरच निघते.

मायेतली, तुमची बडबडी

२८ मार्च

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि माणसांच्या गर्दीत आपलं बोलणं झालं नाही, म्हणून लिहितो.

तव्यावरच्या पाण्याने ओव्हनमधल्या माशाला काही होत नाही, एवढं मला कळतं. तुझं मन राखायला म्हणून शिंपडलं. चर्र झालं आणि आतून तुझ्या आईने झालं का म्हणून विचारलं. इतका मोठा आवाज तिचा कितीतरी दिवसांत निघाला नव्हता. तेव्हा तुझी लबाडी लक्षात आली. मग रोज ती विचारायची आणि मी होतंय म्हणून सांगायचो.

शेवटी तिला पाणीही गिळवेना. घरात मासा नव्हता, तरी मी तवा तापवला. तिने हळूच विचारलं, मी होतंय म्हटलं. पुन्हा शिंपडलं तेव्हा तिने विचारलं नाही. मी शिंपडतच राहिलो, कारण थांबलो असतो तर आत जाऊन बघावं लागलं असतं.

काल स्वतःपुरता तुझा मासा केला. इतके दिवस तिला भरवला, पण स्वतः कधी चाखला नव्हता. पुठ्ठा आहे गं. आणि तिने तो रोज खाल्ला.

आता माया करायला तूच आहेस, ती आटू देऊ नकोस.
तुझे बाबा