मतदान शांततेत पार पडलं

बाबा, काल दिवसभर मी अकोल्यात आत्याच्या समोर बसून होते आणि आज अमरावतीला परत आल्या आल्या तुमच्यावर राग काढायला बसले आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत. काल तिथं महापालिकेचं मतदान होतं. आत्याच्या नातसुनेनं दारात ऑटो उभा केला, उतरल्यावर बसायला प्लास्टिकची खुर्ची घेतली, पाण्याची बाटली घेतली. तुमची अक्का मात्र पलंगावरून हलली नाही. "माहं मत कवाच पडून गेलं. तुमी जा," म्हणाली. नातसून माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पोरीला काय माहीत, की आत्या चाळीस वर्षं प्रत्येक निवडणुकीला हेच वाक्य बोलते, आणि हे वाक्य तिला तुम्ही दिलंय. तुम्ही, तिच्या पाठच्या भावानं.

मला वलगावचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. तुमची निवडणुकीची ड्युटी लागली होती, पहिल्यांदाच केंद्राध्यक्ष म्हणून. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि ट्रेनिंगमध्ये मिळालेलं ते पातळ पुस्तक माझ्या हातात आहे. मी दहा वर्षांची. तुम्ही म्हणायचे, तू विचार, मी सांगतो. एरवी तुम्ही मला पाढे विचारणार आणि मी सांगणार, त्यामुळे या उलट्या शाळेचा मला केवढा आनंद! मी बोट ठेवून विचारायची, मतदार आंधळा असला तर? पेटीचं सील तुटलं तर? तुम्ही खडाखडा सांगायचे. मग मी विचारलं, एखादा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कोणीतरी मत टाकून गेलं असलं तर? तुम्ही तोंडातला घास गिळून म्हणालात, "ओळख पटवायची. पटली की त्याला प्रदत्त मतपत्रिका द्यायची. ती पेटीत नाही टाकायची, वेगळ्या पाकिटात ठेवायची, यादीत नाव लिहून सही घ्यायची. त्याचा हक्क आहे तो. कोणी काढून घेऊ शकत नाही." आई म्हणाली, "पोट्टीले काय सांगून राहिले हे? तिले काय कराचं?" तुम्ही म्हणालात, कळू दे तिला. कळलं, बाबा. चांगलंच कळलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात. अंगावरचा शर्ट मळलेला, डोळे तांबरलेले. मी दारातच विचारलं, कसं झालं? तुम्ही म्हणालात, "मतदान शांततेत पार पडलं." केंद्राच्या डायरीतही तुम्ही तेच लिहून दिलं असणार. मी शाळेत जाऊन मिरवलं, माझ्या बाबांच्या केंद्रावर एवढीसुद्धा गडबड झाली नाही म्हणून.

खरं मला उन्हाळ्याच्या सुट्टीत समजलं. आत्या आपल्याकडे मुंगवड्या टाकायला आली होती. तुम्ही बाहेर गेला होता, आई खाली डाळ वाटत होती, आणि आम्ही दोघी गच्चीवर. तिनं हात न थांबवता सांगायला सुरुवात केली. तेव्हा ती बाळापूरच्या पुढे सासरच्या गावी राहायची, आणि अकोल्याकडे माणसं कमी पडली म्हणून तुमची ड्युटी नेमकी त्याच गावात निघाली. तिच्या आनंदाला पारावार नव्हता. माहा भाऊ साहेब होऊन येऊन राहिला, असं तिनं अख्ख्या वस्तीत सांगितलं. एरवी गावातल्या मोठ्या घराची माणसं केंद्राच्या दारात उभी राहतात म्हणून वस्तीतल्या बाया जायला कचरायच्या. त्या दिवशी अकरा जणी निघाल्या. जयंतीला नेसतात तशी पांढरी लुगडी नेसून, आत्या सगळ्यांच्या पुढे. तुमच्या टेबलाशी आल्या तर यादीत अकराही नावांवर खुणा झालेल्या. मतं पडलेली. ज्यांनी टाकली ते दारात उभे राहून हसत होते. आत्या म्हणाली, "अरे, मी आता येऊन राहिली नं? माहं बोट पाह्य, शाई हाय का त्याले?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बाई, तुमचं मत पडलं आहे. बाजूला व्हा."

बाई! तुमचं! ज्या अक्कानं तुम्हाला कडेवर घेऊन शेताच्या बांधावर सांभाळलं, तुमच्या पाटीपुस्तकासाठी स्वतःची शाळा चौथीत सोडली, तिला तुम्ही जशी काही रस्त्यावरची कोणी असावी तसं बाजूला व्हा म्हणालात. आत्या मला सांगत होती तेव्हा रडत नव्हती. तिच्या हातून मुंगवड्या तेवढ्या वाकड्यातिकड्या पडत होत्या.

मला हे सांगायचं आहे, की तुम्ही भ्यालात त्याचा मला राग नाही. भीती कोणाला वाटत नाही? त्या मोठ्या घरातून सकाळी तुमच्या केंद्रावरच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना पोहे आणि चहा आला होता, तो तुम्ही घेतला, त्याचाही नाही. परक्या गावात उपाशी माणूस काय करणार? पण तुम्हाला नियम पाठ होता हो! अकरा मतपत्रिका द्यायच्या, अकरा सह्या घ्यायच्या, पाकीट बंद. एवढंच. पण अकरा नावं यादीत चढली असती तर वरच्यांनी विचारलं असतं, एकाच केंद्रावर इतकी कशी? चौकशी लागली असती, मोठं घर तुमच्यावर डूख धरून बसलं असतं, बदली झाली असती मेळघाटात. ते टाळायला तुम्ही मूग गिळून बसलात. आणि बसलात कुठे? शाळेच्या वर्गात, ज्याच्यामुळे आपल्या हातात मत आलं त्याच्याच फोटोखाली. घरी त्याच्या फोटोला रोज हात जोडणारे तुम्ही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, बाबा, आजही.

आता दुसऱ्या एका शिक्षिकेबद्दल सांगते. तुम्ही गेल्यावर दोन-तीन वर्षांनी मी नोकरीसाठी घानाला गेले, आफ्रिकेत. तिथं बंदराच्या गावात औषधांच्या कारखान्यात लॅब सांभाळते, सध्या सुट्टीवर आले आहे. जाताना मी भारतातली म्हणून मनात तोरा होता. जगातली सर्वांत मोठी लोकशाही आमची, यांचं काय? तिथं राहून मी दोनदा सरकार बदललेलं पाहिलं. मागच्या निवडणुकीला माझ्या लॅबमधली एक बाई म्हणाली, चल बघायला. मतदान तर संपत आलं, मी म्हटलं, आता काय बघायचं? ती म्हणाली, "मत टाकून आम्ही लगेच घरी जात नाही. मोजून होईपर्यंत त्याच्या सोबतीला थांबतो."

शाळेचं अंगण होतं. त्या दिवसांत तिकडे वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, सगळ्यांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. पाच वाजता मतदान थांबलं आणि पेट्या तिथंच, उघड्यावर, टेबलावर पालथ्या केल्या. आधी राष्ट्राध्यक्षाची, मग खासदाराची. केंद्राची मुख्य होती जवळच्याच शाळेतली एक मास्तरीण, काटकुळी, नाकावरून घसरणारा चष्मा. ती एक-एक मतपत्रिका उचलायची, डोक्यावर धरून चारी बाजूंना फिरवायची, पक्ष पुकारायची. आणि दोरीपलीकडे उभी असलेली दीडदोनशे माणसं मोठ्यानं आकडा म्हणायची. पाढे म्हणतात तसे, एका सुरात. तिथं अंगठा उमटवून मत देतात; एका कागदावर तो दोन खान्यांच्या मधोमध उमटला होता. तिनं तो बाद म्हणून बाजूला ठेवला. सरकारी पक्षाचा एक दांडगा गडी ओरडत पुढे आला, ते आमचं आहे, आमचं! मला वाटलं, आता ही शेपूट घालणार. मला तुम्ही दिसलात तिच्या जागी. तिनं चष्मा वर सरकवला, तोच कागद पुन्हा उचलला आणि त्याच्या नाकासमोर धरला. "मी पाहिलं. आता तू पाहा. मग तुझ्यामागचे पाहतील." तो कागद सगळ्यांनी पाहिला आणि बादच राहिला. गडी बडबडत मागे गेला. शेवटी दोन्ही पक्षांच्या माणसांनी निकालाच्या गुलाबी कागदावर सह्या केल्या, आणि त्याची एक प्रत तिनं शाळेच्या भिंतीवर डकवली. त्या अंगणात सरकारी पक्ष सपाटून हरला होता. मास्तरीण खुर्चीत बसली आणि कोणीतरी तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्याच दिवशी, अधिकृत निकाल लागायच्या आतच, सत्तेतल्या पक्षाच्या उमेदवारानं समोरच्याला फोन करून अभिनंदन केलं. सरकार गेलं. तिथं सगळं सोन्यासारखं चाललंय असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी केंद्रात घुसून मारामाऱ्या झाल्या, काही जागांचे निकाल लोंबकळत राहिले, आणि नवं सरकार आलं तरी माझ्या लॅबमधल्या बाईची महागाईची रड आहे तीच आहे. पण सरकार बदललं ते त्या अंगणात बदललं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वर कोणी मोठा माणूस बसून ते बदलत नाही, एका मास्तरणीनं हात खाली घेतला नाही म्हणून बदलतं. तेव्हा मला तिथं घेऊन गेलेल्या त्या बाईला वाटलं मी आनंदानं रडते आहे. मी तुम्हाला शिव्या देत होते, वऱ्हाडीत.

हे सगळं काल मी आत्याला सांगितलं. ऑटो दारातच उभा होता, अजून वेळ होता. मला वाटलं, ऐकून तरी उठेल. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच म्हणाली, "त्या बाईले कोनी मारलं नाई?"

"नाही आत्या. पाणी दिलं तिला."

"एकटीच व्हती?"

"एकटीच."

तिनं लुगड्याचा पदर सारखा केला. "चांगली बाई हाय. तिच्या देशात तसा कायदा असन. आपल्याकडं तवा नव्हता नं. माह्या भावापाशी कायदा असता तं त्यानं सोडलं असतं का मले?"

बाबा, आता जे लिहिते ते वर लिहायचं टाळलं होतं. त्या दिवशी गच्चीवर सगळं सांगून झाल्यावर आत्यानं मला विचारलं होतं, "तुह्या बाबाजवळ पुस्तक हाय म्हनते नं? त्यात काई इलाज देला हाय का, दुसऱ्यानं आपलं मत टाकलं तं?" ती माझ्याकडे आशेनं बघत होती. मी दहा वर्षांची होते, पण मूर्ख नव्हते. हो म्हटलं असतं तर ती आपल्या घरी पुन्हा पाय ठेवणार नव्हती. मी म्हटलं, "नाही आत्या. असा काहीच नियम नाही." तिचा चेहरा केवढा मोकळा झाला! "मंग त्याचा काई दोष नाई," म्हणाली, आणि त्या संध्याकाळी तुमच्या पंगतीला बसून पोटभर जेवली. तिनं तुम्हाला माफ केलं ते माझ्या शब्दावर. आणि मत म्हणजे एकदा कोणी हिसकलं की काही इलाज नसलेली गोष्ट, हेही तिनं माझ्याच शब्दावर धरलं, आणि चाळीस वर्षं केंद्राची पायरी चढली नाही. दहा वर्षांच्या पोरीला तुमच्यासाठी खोटं बोलावं लागलं, याचा हिशेब कोणी द्यायचा? तुम्ही तर वर निघून गेलात, उजळ माथ्यानं, आदर्श शिक्षक म्हणून.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आत्याला अक्षर लावून लावून वाचता येतं, त्यामुळे तिच्या हाती लागणार नाही असं ठेवून देईन. काल नातसून तिसऱ्यांदा विचारायला आली तेव्हा आत्या माझ्याकडे वळली. "तूच पाह्यलं व्हतं नं पुस्तकात? नव्हता नं तसा नियम?" मतदान साडेपाचला संपणार होतं, अजून तासभर होता. खरं सांगितलं असतं तर रागाच्या भरात ती कदाचित उठलीही असती.

"नव्हता आत्या," मी म्हटलं, आणि ऑटोवाल्याला जायला सांगितलं.