माझ्या वाटणीची माती

राहुरी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. प्रणितास,
पपांचा सलाम व आशीर्वाद.

काल तुझी नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा झाली, म्हणून आज लिहितो. मन घट्ट कर. तुझी आई एकतीस जानेवारीला संध्याकाळी गेली. झटका आला, दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. दुसऱ्या दिवशी दफन केलं. उपासना मीच चालवली. बायबलातल्या यहेज्केल संदेष्ट्याची बायको अशीच संध्याकाळी गेली होती आणि देवानं त्याला रडायची मनाई केली होती. तो डोक्याला पागोटं बांधून कामाला उभा राहिला. मीही राहिलो. तुझ्या नावाची मूठमाती मीच टाकली. तुला कळवू नये, असं चर्चच्या मंडळीला बजावलं होतं. तुझ्या भल्यासाठीच केलं.

जेवण सोडू नकोस.

तुझे पपा,
जगन्नाथ

सलवा, कुवेत
१६ फेब्रुवारी

ती. पपांस,
सलाम.

पत्राचा फोटो मोबाइलवर मिळाला, मीही तसाच पाठवते. तुमचे फोन मी उचलत नाही. उचलला तर तुम्ही प्रवचन सुरू कराल. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

बारा दिवस, पपा! आईला फोन द्या म्हटलं की एकदा ती झोपलेली, एकदा प्रार्थनेला गेलेली, एकदा तिचा घसा बसलेला. पाळक माणूस बारा दिवस धडधडीत खोटं बोलला! मी मूर्खासारखी शुवैखच्या कार्गो ऑफिसात जाऊन तिच्यासाठी पेटी पाठवली. खजूर, स्वेटर, गुडघ्याचं तेल. ती पेटी आली की उघडू नका.

आणि संदेष्ट्याच्या मागे लपू नका. त्याची गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितलीत. तो परमुलखात होता, पकडून नेलेल्या आपल्या माणसांत. त्यांच्याजवळ सात दिवस सुन्न बसून राहिला. बायको गेल्यावर का रडत नाहीस, असं लोकांनी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, की तुमचं मंदिर पडेल तेव्हा तुमचीही हीच गत होणार आहे. त्याचं न रडणं हा लोकांसाठी निरोप होता. त्यानं मरण लपवलं नव्हतं. परमुलखात मी आहे, तुम्ही तर घरी आहात. तुम्हाला कुणी मनाई केली होती? विमान चार तासांचं आहे. एक दिवस थांबता आलं नाही?

माझी मूठ टाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? आजोबांच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, की ज्याची माती त्यानंच टाकायची.

पास झाले आहे. आनंद तुम्हीच करा.

लोभ मागत नाही. खरं काय ते सांगा.

प्रणिता

राहुरी
२० फेब्रुवारी

चि. प्रणितास,
सलाम.

पत्र वाचून संताप आला. चाळीस वर्षं उपदेश केलेल्या माणसाला मुलगी शिकवते! उत्तराचे दोन कागद लिहून फाडले. तिसऱ्यावर खोटं लिहवेना.

देवानं मला काहीच सांगितलं नव्हतं. तू दारात आली असतीस तर मी सगळ्या मंडळीदेखत कोसळलो असतो. त्याची मला भीती वाटली. परीक्षेचं निमित्त झालं.

तुझी मूठ टाकली, हेही खोटं. माझी टाकली, मग तुझी भरली, पण हात उघडेना. लोकांना वाटलं, मी प्रार्थना करतोय. ती माती तशीच घरी आणली. आईच्या चष्म्याशेजारी चहाच्या डब्यात आहे. काल डबा उघडला आणि मोठमोठ्यानं रडलो. शेजारची ठकूबाई धावत आली. दार लावून घेतलं नाही.

रजा काढून ये. रागातच ये. माती तू टाक. मी मागे उभा राहीन, एक शब्द बोलणार नाही.

तुझे पपा