धुराचा नकाशा

सॅस्कटून,
१४ एप्रिल

चि. दानिलो,

मी केला होता त्याच उन्हाळी कोडिंगच्या कार्यक्रमात तुझी निवड झाल्याचं आईने फोनवर सांगितलं. तू सांगायच्या आधी तिने सांगितलं म्हणून तिच्यावर रुसू नकोस, आत्तापर्यंत सगळ्या चर्चला ते ऐकवून झालं असेल. मला फार आनंद झाला. मी बरी आहे. इथे हवा कोरडी आहे.

उन्हाळाभर नेमकं काय काय होतं, असं तू विचारलंस. पहिले काही आठवडे कोड लिहायचाच नसतो. माणसं ओळखायची, त्यांनी आधी लिहिलेलं वाचायचं. तू लगेच हात घालायला जाशील. जरा दम धर. मग तू काही लिहून पाठवशील, मेंटॉर, म्हणजे तुला नेमून दिलेला मार्गदर्शक, ते परत पाठवेल, पुन्हा परत पाठवेल. ओपन सोर्स म्हणजे सगळं उघड्यावर, त्यामुळे चार अनोळखी माणसंही चुका काढतील. मनाला लावून घेऊ नकोस. मध्यावर आणि शेवटी मेंटॉर पास-नापास कळवतो आणि त्यावर मानधन मिळतं. पैसे वेळेवर येतात. माझेही आले.

माझे मेंटॉर रोलंड फ्रेशेट. हॅगार्टी लेक गावाच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. उत्तरेकडच्या गावांत छपरांवर धूर मोजणाऱ्या पेट्या बसवल्यात ना, त्यांचे आकडे नकाशावर दाखवणारा प्रोग्राम त्यांनी उभा केला होता, कुणाकडून छदाम न घेता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला लिहिलं, "तुझा कोड म्हणजे माझ्या सासूची गोष्ट आहे. मुद्दा येईपर्यंत कॉफी गार होते." मी रडले होते. नंतर त्याच माणसाच्या दोन ओळींसाठी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या फोन चाचपायची सवय लागली.

ते कार्यक्रम सोडून गेले, असं मी तुम्हाला घरी सांगितलं होतं. ते खरं नाही.

त्या प्रोग्रामात एक जुना नियम होता. आकडा एका मर्यादेबाहेर गेला की पेटी बिघडली असं धरायचं आणि नकाशावर करडा ठिपका दाखवायचा. त्या जुलैत त्यांच्या गावावर आठवडाभर जंगलातल्या आगीचा धूर होता, लोकांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मी आकडे तपासले तेव्हा दिसलं की करड्या पेट्या बिघडलेल्या नाहीत, तिथेच धूर सगळ्यात दाट आहे. मी नियम बदलून पाठवला. रोलंडनी तो अडवून धरला. राख साचली की पेट्या वेड्यासारखं काहीही बरळतात, आधी पुरावा आण, म्हणाले. मग त्यांच्या शाळेवरचीच पेटी करडी झाली. त्यांनी लिहिलं, "उद्या शिडी लावून स्वतः बघतो. पेटी साफ निघाली तर तू खरी."

मी लिहिलं, आधी गावाबाहेर पडा. गाव सोडायचा हुकूम अजून आलेला नाही, असं त्यांचं उत्तर आलं. पुढे एक हसरा चेहरा.

दुसऱ्या दिवशी मी टोस्टला लोणी लावत होते तेव्हा निरोप आला, बदल स्वीकारला. मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली, दानिलो. तो बदल त्यांनी छपरावरून, फोनवरून स्वीकारला होता.

पुढचं त्यांच्या बायकोने, ओडीलने, ऑगस्टमध्ये मला सांगितलं. त्यांनी छपरावरून तिलाही फोन केला होता. "पेटी स्वच्छ आहे. ती पोरगी बरोबर होती. तू गाडी काढ, मी आलोच." वारा फिरला होता आणि आग टेकडीच्या अलीकडे उतरली होती. ओडील गाडी सुरू करून बसून राहिली. शेवटी शेजाऱ्याने तिला ओढून आपल्या गाडीत घातलं. रोलंड शाळेच्या भिंतीशी सापडले.

मला पास केल्याचं त्यांनी चार दिवस आधीच कळवून ठेवलं होतं.

हे आज का लिहितेय, ते सांगते. फोनवर तू हसण्यावारी नेतोस आणि आई मागे उभी राहून ऐकते, म्हणून लिहितेय. तुमच्या गावात बर्फावर कर्लिंग खेळायचा जो हॉल आहे, त्याच्या छपरावरही तसलीच एक पेटी आहे. गेल्या शरदात नदीपलीकडची आग विझली असं तुम्ही सगळे धरून चाललात. दलदलीतली आग बर्फाखालीही जमिनीत धुमसत राहते. आठवडाभर पाहतेय, पहाटे वारा पडला की त्या पेटीचा आकडा चढतो. रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा वर. मी आगीच्या कचेरीत फोन केला. माणूस सभ्य होता. बर्फ वितळलं की कुणाला तरी पाठवतो, म्हणाला. मी विचारलं, यंदा बर्फ राहिलंय कुठे? तो म्हणाला, "तेही खरंच."

आता तुला चारचाकी बाइक काढून नदीपलीकडे बघून यावंसं वाटेल. मी तुला ओळखते. जाऊ नकोस. कुणी पुरावा मागितला तरी जाऊ नकोस.

शुक्रवारी मी येतेय. ईस्टरसाठी आईला इकडे आणतेय, असं तिला सांगितलंय. ईस्टरनंतर तिला परत सोडायचा माझा विचार नाही, ते तिला तू सांगू नकोस, मी सांगेन. तूही यायचंस. कोड लिहायला इथेही टेबल आहे. मी घाबरट आहे, वेडी आहे, काय म्हणायचं ते म्हण. रागवायचं तर गाडीत बसून रागव.

पण बस.

तुझीच,
हालया