सुनेच्या अर्जातून काढलेली ओळ

सोमवार, पोखर्णी. दिवेलागणीला.

सूनबाई परभणीहून मुलाखत देऊन आली आन् गुमान भाकरी थापायला बसली. नोकरी हुकली. माझ्यापायी.

परवा ती मोबाईलवर बायोडाटा करायली होती. दोन वर्षं ऊसतोडीच्या टोळीत मजुरांची हजेरी सांभाळली, असं लिवलं होतं. मी म्हणलं, "बीए झालीस आन् कोयत्याचं सांगतीस? काढ ते!" तिनं काढलं. कशाला बोलले मी? सातवी शिकलेली बाई मी.

आज बियाण्याच्या कंपनीतल्या सायबानं इचारलं, "ही दोन वर्षं काय केलं?" ही म्हणली, "घरीच होते." सायब म्हणला, "आमाला मजूर सांभाळलेलं माणूस पायजे, ताई."

मी म्हणलं, "आगं, मंग तिथंच सांगून टाकायचं की!"

"तुमीच नको म्हणलात ना, आत्या."

वरडली असती तर बरं वाटलं असतं.

म्हणलं, पूर्णेला बी जागा हाय, तिथं अर्ज धाड, टोळीतलं सगळं लिव. तिनं पिठाचे हात पुसले, मोबाईल घेतला. "सांगा, काय काय लिवू?"

टोळीत ती काय काय करायची, मी कधी इचारलंच न्हाई.