बुधवारचा दोनचा खेळ

॥ श्री ॥

नालवाडी, वर्धा
२३ जानेवारी १९८६

तीर्थस्वरूप गं. भा. मनकर्णाताईस,
धाकट्या वासुदेवचा शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे ते कळव. यंदाची तूर चांगली उतरली, तेव्हा आर्वीच्या गाडीने डाळ पाठवतो. आमच्या शरयूचं सासरहून, अमरावतीहून पत्र आलं, तिकडे सर्व क्षेम आहे.

इकडे एक नवीन पीडा आली आहे. चौकापलीकडच्या जुन्या गोदामात ओमप्रकाश नावाच्या माणसाने व्हिडिओ सुरू केला. एक टीव्ही, खाली सतरंज्या, मागे चार बाक आणि तिकीट दोन रुपये. दारावर देवादिकांचं चित्र लावतो. आत काय चालतं ते आत जाणाऱ्यालाच ठाऊक. आम्ही सात-आठ पेन्शनरांनी कलेक्टरसाहेबांना अर्ज द्यायचं ठरवलं आहे. बंडोपंत, जे कचेरीत नाझर होते, ते अध्यक्ष, आणि मी हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला, तेव्हा मजकूर माझ्याकडे. अर्धनग्न नाच आणि चुंबनं यांवर दोन पानं लिहिली. मारामारीचंही लिहावं का, असं मी विचारलं, तर बंडोपंत म्हणाले की मारामारी पुराणातही आहे. आमच्यापैकी कोणी तो व्हिडिओ पाहिलेला नाही, पाहण्याची गरजही वाटली नाही.

ताई, खरं दुखणं वेगळंच आहे. तीन आठवडे झाले, ही दर बुधवारी दुपारी जयवंता या शेजारणीसोबत पवनारला भजनाला जाते. काल बसस्टँडवर पवनारचे नत्थूजी भेटले. बुधवारी तिकडे बायकांचं भजन नसतंच, असं ते सहज बोलून गेले. घरी येऊन हिच्या पानसुपारीच्या बटव्यात पाहिलं, तर गुलाबी तिकिटाचा अर्धा तुकडा निघाला. साठाव्या वर्षी ही कुठे जाते? मी विचारलेलं नाही. तू तिला पत्र घालून, माझं नाव न घेता, काढून घे.

तुझा आशीर्वाद आजवर पुरला, पुढेही पुरावा.

वासुदेव

•

आर्वी
२७ जानेवारी १९८६

चि. वासुदेवास,
मनकर्णाचे अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं. डाळ येऊ दे. गुडघ्याले तिचा उपयोग नाई, पण मले हाय.

व्हिडिओ इथंबी आला. मी सुनेसंगं एकदा जाऊन आली. रागावजो नको. भाजी खारट हाय हे चाखल्याबिगर कसं सांगाव? त्यात दोघांनी एकमेकाचं तोंड धरलं तवा मी पदर डोयावर घेतला, अन् मग पदरातूनच पायलं. मले काई येवढं वाईट नाई वाटलं. दोघंबी खुशीत होते. पण मंग चार जणांनी एका पोरीले केसाले धरून वढत नेलं. ते चित्र सरता सरेना. पोरगी रडून राह्यली अन् मागचे बाप्ये शिट्या वाजवून राह्यले. माह्या बाजूचा एक म्हातारा, नातवंडं असलेला, मान पुढं काढून पाहे. मी सुनेले उठवलं अन् घरी आली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाई. तुह्या दोन पानांच्या अर्जात त्या पोरीबद्दल एखादी ओळ हाय का?

रुख्माचं म्हणशीन, तर मी तुही सी.आय.डी. नाई. सरळ तिले विचार. तुले विचाराची भीती काऊन वाटते? ती खोटं बोलीन म्हणून, का तवा तू काय करशीन म्हणून? तुहा हात मले माहीत हाय, वासुदेवा. शरयू लहान होती त्या दिवाळीले मी तुह्याकडं होती. तू रुख्माले छत्रीनं मारलं तवा मी भिंतीकडं तोंड करून पोया लाटत बसली. उठली नाई. ते मले अजून टोचते.

रागावलास तरी लिहीत राहाजो. माया उणी होऊ देजो नको.

मनकर्णा

•

नालवाडी
६ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप ताईस,
वासुदेवचा शि. सा. न. वि. वि.

जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं? त्या काळी घरोघरी तेच होतं. तुझ्या पत्रातला तो भाग मी पुन्हा वाचला नाही.

काल बुधवार. ही निघाल्यावर मीही सायकल घेऊन अंतराने निघालो. पवनारच्या बसकडे न वळता दोघी थेट ओमप्रकाशच्या गोदामाकडे गेल्या. दोनचा खेळ फक्त बायकांचा असतो. मी समोरच्या पानठेल्याआड अडीच तास उभा होतो. पानवाला माझ्याकडे संशयाने पाहत होता, आणि मी त्या दाराकडे. खेळ सुटला तेव्हा ही रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाहेर आली. पण जयवंताशी बोलताना हसत होती. असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत पाहिलेलं नाही. ताई, मला त्याचाच जास्त राग आला.

घरी आल्यावर विचारलं, कुठं गेली होतीस. पवनारला, म्हणाली. कोणतं भजन झालं, विचारलं. तिने तेही सांगितलं, डोळ्याला डोळा देऊन. माझा हात उठला. आणि तिने तो मनगटाशी धरला. बोलली काहीच नाही. किती वेळ धरून होती, सांगता येत नाही. मग सोडला आणि चुलीपाशी गेली. आज सकाळी उठलो तर एक पिशवी घेऊन निघून गेलेली. आर्वीच्या गाडीत बसली, असं जयवंता सांगते.

व्हिडिओने काय होतं याचा याहून मोठा पुरावा कोणता? म्हातारपणी बाई बिघडली. नाव न घालता हे अर्जात लिहिणार आहे. ती तुझ्याकडे पोचली का, एवढं उलट टपाली कळव. आणि तिला तूच शिकवलं नाहीस ना, तेही.

आशीर्वाद आहे की नाही, ते तुझ्या उत्तरावरून समजेन.

वासुदेव

•

आर्वी
११ फेब्रुवारी १९८६

शरयूच्या बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी ताईकडं खुशाल हाय. तुमचं पत्र ताईनं मले वाचाले देलं. ताईनं काई शिकवलं नाई.

पवनारचं खोटं बोलली, ते चुकलं. खरं सांगतलं असतं तर तुम्ही जाऊ देलं नसतं. पयल्या बुधवारी जयवंतानं हाताले धरून नेलं. त्या सिनेमात नाच हायेत, ते मले आवडले नाई. एका पोरीची अब्रू घेतात तेबी हाय, तवा आमी साऱ्या बाया खाली पाहून बसतो. कोणी शिटी मारत नाई. पण पुढं एका घरचा मालक आपल्या म्हाताऱ्या बायकोवर हात उगारते. अन् ती बाई त्याचा हात धरते. बोलत नाई काई, नुसती धरते. मागं कोणीतरी हुंदका देला, मंग साऱ्याच रडाले लागल्या. बाहेर आल्यावर आपल्या रडण्याचं आपल्यालेच हसू आलं. तेवढ्यासाठी तोच सिनेमा पाहाले मी पाच बुधवार गेली.

मले वाटे, हे सिनेमातच होते. घरी माहा हात कसा उठला, मले अजून समजलं नाई. तुमचा हात धरला तवा मी लय भेली होती. तुमाले ते दिसलं नाई.

अर्जात मी बिघडली असं खुशाल लिहा. पण येकडाव जाऊन पाहा, मंग लिहा. मले न्याले येऊ नका. विचाराले या.

शेगडीजवळच्या डब्यात तिळाचे लाडू हायेत. मी तुमच्या पायाची धूळ, तरी मनात राग ठेवू नये.

रुख्मा

•

नालवाडी
२० फेब्रुवारी १९८६

सौ. रुख्मा हिस,

बत्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, पण बायकोला लिहायचा मायना मला येत नाही. तसाच पुढे लिहितो.

मंगळवारी पुरुषांच्या खेळाला गेलो. तोच सिनेमा होता. अंधार होऊ दिला, मगच आत शिरलो. आमच्या अर्जावर सही केलेले हरिदासजी मागच्या बाकावर होते. मला पाहून त्यांनी मफलर तोंडावर ओढला. मीही त्यांना ओळख दाखवली नाही.

त्या पोरीचा प्रसंग आला आणि गोदाम शिट्यांनी भरलं. माझे दोन-तीन विद्यार्थी त्यात होते. मला उठून दरडावता आलं असतं. मी बसून राहिलो. मग ती म्हातारी आली. तिने हात धरला तेव्हा कोणीतरी ओरडलं की म्हातारी बिघडली, आणि सगळे हसले. ताईला धाडलेल्या पत्रात मी हाच शब्द लिहिला होता. माझं मनगट मी दुसऱ्या हाताने धरलं आहे, हे मला उशिरा लक्षात आलं.

काल बैठकीत अर्जाला दोन कलमं जोडून वाचली. बाईवरच्या जबरदस्तीचा तमाशा करू नये, हे एक. आणि घरात बाईला मारणं जिथे हसण्यावारी नेतात, ते कोणत्याही चुंबनाहून ओंगळ आहे, हे दुसरं. बंडोपंतांनी विचारलं की मास्तर कुणाच्या सांगण्यावरून बोलताहेत. पहिलं ठेवलं. दुसरं घरातली बाब म्हणून खोडलं. मग माझंही नाव खोडा, म्हणालो. त्यांनी ते खोडलं.

एक वाक्य मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. मी तुला मारत होतो. जेवायला उशीर झाला म्हणून, शाळेत साहेब रागावला म्हणून, आणि कधी कारण नसतानाही. शरयू दाराआडून पाहत असे, हेही मला ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी दहाच्या गाडीने येतो. विचारायला. यावर तुझा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असं मी काही केलेलंही नाही.

माझ्यावर काय ठेवायचं, लोभ की दुसरं काही, ते तुझ्याकडे.

वासुदेव

•

आर्वी
३ मार्च १९८६

चि. वासुदेवास,
मनकर्णाचे अ. उ. आ.

गुरुवारी तू गेल्यावर रुख्मानं कागद हाती घेतला नाई, म्हणून मीच लिहून राह्यली. तुहं पत्र तिनं तीनदा वाचलं होतं. हे त्याईनंच लिहिलं का कोणी सांगतलं, असं मले दोनदा इचारलं. अक्षर पाहून घे, मी म्हणली. अक्षर त्याईचंच हाय, ती म्हणे, पण बोलणं त्याईचं नाई.

तू आंगणात बसून चांगलं इचारलं. तिनं आताच येत नाई म्हणून सांगतलं, तवा तुहा आवाज चढला नाई. ते मी ध्यानात ठेवलं. पण तू पाण्याचा तांब्या घ्याले येकदम हात पुढं केला, अन् रुख्मा मागं सरली. चाळीस वर्षांची सवय. तिले स्वतालेबी समजलं नाई. तुले समजलं. तू हात मागं घेतला अन् ती पाणी देईपरेंत तसाच बसून राह्यला. मी दारातून पायलं.

मले तुह्यावर अजून शंका हाय, खोटं काऊन बोलू? तिलेबी हाय. पण काल सांजच्यायले ती म्हणे, गुरुवारी त्याईले पुन्हा येऊ द्या, पाणी मीच देईन. तर येजो. घाई करजो नको.

माह्यावर लोभ हायच तुहा. आता तो तिले दिसू दे.

मनकर्णा