फोन उदयसिंहाच्या उशाशी आहे

शिवांजली,

शाळेत शिकवून आलीस की आधी हे वाच. उदयसिंह आत झोपला आहे. सकाळीच पिऊन आला. त्याचा फोन बंद, म्हणून कारखान्याचे साहेब माझ्या फोनवर सारखे फोन करत आहेत. मी उचलला नाही. उचलला की माझं तोंड आपोआप म्हणणार, "लेकाला ताप आलाय."

तुझे सासरे पलटणीतून सुटीवर यायचे, तेव्हा असेच पिऊन पडायचे आणि दारात आलेल्याला मी सांगायची, "मालक मळ्यात गेल्यात." माणसं म्हणायची, "व्हय व्हय वहिनी, असू द्या," आणि चहा पिऊन जायची. आत घोरणं ऐकू यायचं, तरी कुणी हसत नसे. घरंदाजपणा म्हणायचे त्याला. आता विश्रामबागेतल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या समुपदेशक मॅडम सगळ्या घराला समोर बसवून म्हणतात, अशा खोट्यानंच दारू घरात टिकते. मी मान हलवली, पण विचारलंच, "आईनं खोटं बोलायचं न्हाई, तर मग कुणी बोलायचं?" मॅडम हसल्या. तू हसली नाहीस.

नोकरी गेली तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. उठल्यावर त्याला ताक द्यायचं का, तेही नाही.

मी धाकट्या लेकीकडे कुंडलला जाते. काही असेल तर तिच्या फोनवर कर. माझा फोन त्याच्या उशाशी ठेवला आहे. वाजला तर त्यानंच उचलावा. ठेवून दारापर्यंत गेले, घ्यायला परत आले, पुन्हा तिथंच ठेवला. बरोबर केलं का गं?

— आई